सुलाबाईंची उभी बाटली

गुप्त मतदानात आपण शिक्का कुठे मारला हे माईक हातात घेऊन सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्याच गल्लीत उकडलेली अंडी विकते. सुलाबाई तिचं नाव. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. मग सांगितलं का? एखादी गोष्ट कळली नाही की मला घास गोड लागत नाही. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, रोहिणी, तू महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झालीस आणि पंचवटीचा एक चांगला फौजदार गेला. ते गेले, मी निवृत्त झाले, भोचकपणा तेवढा अजून सेवेत आहे.

आमची कॉलनी भाजी मार्केटच्या मागच्या अंगाला. निम्मी घरं हमालांची आणि भाजीवाल्यांची, उरलेली कारकून, नर्स, मास्तर यांची. मधोमध बुद्धविहार आणि कॉलनीच्या तोंडाशी सरकारमान्य देशी दारूचं दुकान. विहारात जायचं तर आधी दुकानाला वळसा घालावा लागे. दुकानाच्या उजव्या हाताला सुलाबाईंची गाडी. त्या अंडं सोलायच्या, दोऱ्याचं एक टोक दातात धरायच्या, दुसरं बोटाला गुंडाळायच्या, आणि अंडं दोऱ्यावर दाबलं की सरळ दोन फोडी, बलकाचा कण सांडायचा नाही. वर तिखटमीठ, बाजूला कांदा. पिणाऱ्यांना सोबत तोंडी लावायला हा चकणा लागतोच. गाडीमागे उलट्या क्रेटवर त्यांचे यजमान कारभारी बसलेले. जुने हमाल, गुडघे कामातून गेलेले, पण संध्याकाळची क्वार्टर कधी न चुकलेली.

या दुकानाविरुद्ध उठली ती सुलाबाईंचीच सून, राखी. माहेर मनमाडचं. बाप दारूनेच गेलेला, त्यामुळे तिच्या बोलण्याला धार होती. ती मेडिकलच्या दुकानात कामाला जायची आणि सुटली की घरोघर फिरून बायकांच्या सह्या घ्यायची. गंमत म्हणजे तिचा नवरा रवी तेव्हा थेंबालाही शिवत नव्हता. टेम्पो चालवायचा, मालेगावचा कपडा इकडे आणायचा, चौथीत माझ्या वर्गात होता तसाच गरीब गाय. राखी भांडत होती ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांसाठी.

दुकान बंद करायचं तर वॉर्डातल्या बायकांनी मतदान करायचं असतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक बाटली उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहू द्या, आडवीवर मारला तर बंद करा. पुरुषांना मत नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली बाब. मेख एवढीच, की मतदार यादीत जितक्या बायका असतील त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई घरी लोळत पडली, ती मतदानाला न येताच उभी बाटली करून मोकळी झाली. राखीने हे प्रत्येक दारात घसा फोडून सांगितलं होतं.

"पण तुझ्या सासूचं काय गं?" असं जिने तिने विचारलं. राखी म्हणायची, "आत्या माझ्याबरोबर आहेत." आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. आणि सुलाबाई खरंच बरोबर होत्या. मोर्चा निघाला तेव्हा फलकाची एक काठी राखीच्या हातात होती आणि दुसरी त्यांच्या. त्या दिवशी त्यांनी गाडी लावली नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटला होता, आणि मला सहसा कुणाचा वाटत नाही.

मतदान आलं रविवारी. त्याच रविवारी कॉलनीत दोन हळदी आणि ओझरला एक साखरपुडा. राखी शाळेच्या फाटकाशी उभी राहून फोन करत होती आणि पलीकडून डीजेचा आवाज येत होता. "येतोच गं, नवरी निघाली का आलोच," असं म्हणणाऱ्या बायका संध्याकाळी उतरल्या त्या हाताला हळद आणि तोंडात पान घेऊन, केंद्र बंद झाल्यावर. मोजणीत आडवी बाटली थोडक्यात पडली. राखी शाळेच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. सुलाबाई तिच्या डोक्यावर पदर धरून शेजारी उभ्या होत्या. ऊन तर केव्हाच गेलं होतं.

हरलं की आम्हा बायकांना कुणीतरी एक बाई लागते. महिला मंडळाच्या अध्यक्ष मालिनीताई, ज्यांच्या घरच्या तिन्ही बायका ओझरला नाचत होत्या, त्यांनीच प्रथम ओठ मुरडले. "सासूचा धंदाच तिथं. मोर्चात पुढं अन् मतात मागं. त्या घरातून आडवीवर एक तरी शिक्का पडला असेल का?" ही कुजबूज घराघरांतून फिरली. राखीला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त मंडळाच्या बैठकीचा निरोप तिच्यापर्यंत येईनासा झाला.

दिवाळीनंतर रवीच्या मालकाने टेम्पो विकला. रवी रिकामा झाला आणि संध्याकाळी आईच्या गाडीवर हाताशी उभा राहू लागला. सुलाबाईंना बरं वाटलं. मग कुणीतरी म्हणालं, घे रे अर्धा, काय होतंय. मी जाता-येता पाहत होते. काही दिवसांनी रवीच्या एका हातात ग्लास दिसू लागला आणि दुसऱ्या हातात आईने कापून दिलेली अंड्याची फोड. उपाशीपोटी पिऊ नये म्हणून. राखीने एका संध्याकाळी कामावरून येताना ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी छोट्या अंजलीला कडेवर घेऊन मनमाडला निघून गेली.

तर कॉलनीने यावरही गोष्ट रचली. दारूच्या दुकानाच्या शेठकडून पाकीट घेऊन राखी पसार झाली म्हणे. हे ऐकून माझंच डोकं फिरलं, पण मी भांडले तर लोक म्हणतात बाईंना सवयच आहे.

तीन जानेवारीला विहारात सावित्रीबाईंची जयंती होती. मालिनीताईंनी भाषणात आपल्यातल्या फितुरांचा उल्लेख केला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना मागे वळल्या, कारण मागे सतरंजीच्या कडेला सुलाबाई बसल्या होत्या. त्या उठल्या. मला वाटलं बाहेर जातायत. त्या सरळ पुढे आल्या आणि मालिनीताईंच्या हातातून माईक घेतला, भाजीवालीच्या हातून पिशवी घ्यावी तसा.

"जयभीम," त्या म्हणाल्या. "राखीनं आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आमच्या घरातलं उभ्या बाटलीचं मत माझं हाय. मी चुकले. मला त्याचं लय वाईट वाटतं. राखीच्या नावानं कुणी बोलू नका."

माईक त्यांनी सतरंजीवर ठेवला, त्याचा खर्रर्र आवाज झाला, आणि दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधायला त्या वाकल्या. बराच वेळ सापडेनात. आम्ही सगळ्या त्यांची पाठ बघत बसलो. मयूर नावाच्या एका पोराने हे सगळं मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते मनमाडलाही पोचलं.

आता याचे परिणाम काय झाले ते ऐका. बायकांनी त्यांना हळदीला, बारशाला, कशालाच बोलवणं सोडलं. पिणाऱ्यांनी त्यांचं नावच "उभी बाटली" ठेवलं. हे एवढ्यावर थांबलं असतं, पण दुकानाच्या शेठलाही राग आला. उभीवर शिक्का मारला म्हणून त्याने साडी द्यायला हवी होती, पण ही बाई चारचौघांत "चुकले" म्हणाली, म्हणजे दुकानाचीच बदनामी. त्याने गाडी हलवायला लावली. कारभारी आधी खूश झाले होते, आपल्या बायकोला आपली काळजी आहे म्हणून. मग कुणीतरी त्यांना "चुकले"चा अर्थ समजावला आणि ते रुसून बसले.

गाडी गेली पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर. तिथे गिऱ्हाईक म्हणजे जिमला जाणारी पोरं. त्यांना तिखट नको, कांदा नको, आणि बलक काढून फक्त पांढरं हवं. सुलाबाई दोऱ्याने अंडं कापायच्या, बलक वेगळा डब्यात टाकायच्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. रात्रीच्या जेवणाला घरात रोज बलकाची भुर्जी.

राखीचा फोन आला नाही. सुलाबाई मोबाइल गाडीच्या काचेला टेकवून ठेवायच्या, स्क्रीन आपल्याकडे करून. मी हे पाहिलं आणि मला राहवेना. मला कोलेस्टेरॉल, अंडं वर्ज्य. तरी मी रोज दोन अंडी घ्यायला जाऊ लागले. आमच्या दारातलं मांजर त्या दिवसांत चांगलंच बाळसं धरून होतं.

"सुलाबाई, उभीवर का मारलात?"

"पोटासाठी, बाई. दुसरं काय?"

मला पटलं नाही. पोटाची काळजी असणारी बाई मोर्चाच्या दिवशी गाडी बंद ठेवत नाही. मी पुन्हा गेले, पुन्हा विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला अंडी लागतात, का नुसतं हेच विचारायला येता?"

"हेच विचारायला येते," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

त्या हसल्या. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी सरळ बोललं असावं. मग त्यांनी भिकाची गोष्ट सांगितली. भिका म्हणजे कारभारींचा धाकटा भाऊ. गल्लीत दुकान नव्हतं तेव्हा दोघे भाऊ हायवे ओलांडून पलीकडच्या दुकानात प्यायला जायचे, जिथे उड्डाणपूल संपतो आणि मुंबईहून आलेल्या गाड्या सुसाट खाली उतरतात. एका संध्याकाळी कारभारी अलीकडे पोचले आणि भिका पोचला नाही.

"त्याच्यानंतर आपल्या गल्लीत दुकान झालं. तुम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी देवाला... म्हणजे, आपल्यात नाय तसं, पण हात जोडले होते. माणूस पितो तो पितोच, पण माझ्या गाडीमागं बसून पितो. नजरेसमोर." त्यांनी स्टोव्हची वात कमी केली. "राखीसंगं मतदानाला गेले ते आडवीवरच मारायचं ठरवून. आत पडद्यामागं गेले, शिक्का हातात घेतला, अन् ती आडवी बाटली बघितली. मला भिकाभाऊजी रस्त्यावर दिसले. हात आपोआप दुसरीकडं गेला."

"राखीला आधीच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तिनं समजावलं असतं, अन् मला पटलं असतं." हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकाला नजरेसमोर ठेवायला गेले, बाई, अन् दुसरा नजरेसमोरच बिघडला. त्याला अंडं मीच कापून देत होते."

मी अंडी न घेताच घरी आले आणि मांजराने माझ्याकडे रागाने पाहिलं.

पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. उभीवर का मारलं हे कळलं. सांगितलं का, हे कुठे कळलं? गप्प बसल्या असत्या तर निदान शेठची जागा तरी राहिली असती.

पुन्हा मतदान मागायचं तर मध्ये वर्ष जाऊ द्यावं लागतं. ते गेलं, आणि सह्या गोळा करायला राखी मनमाडहून आली. सासरी गेली नाही, अंजलीला घेऊन माझ्याकडे उतरली. "बाई, मी सह्यांसाठी आलेय. दुसरं काही विचारू नका," तिने उंबऱ्यातच बजावलं. माझी कीर्ती मनमाडपर्यंत गेली होती तर. संध्याकाळी सुलाबाई नातीसाठी अंड्याच्या रश्श्याचा डबा घेऊन दाराशी आल्या. राखीने अंजलीला डबा घ्यायला पाठवलं आणि स्वतः आतल्या खोलीत सह्या लावत बसली. सुलाबाईंनी दारातून अंजलीच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. राखी आतून विचारत होती, "गेल्या का?" मी म्हणाले, गेल्या. तिने डबा उघडला, वास घेतला आणि पुन्हा झाकण लावलं. रात्री मात्र डबा धुऊन पालथा घातलेला होता.

या खेपेला मतदानाच्या दिवशी लग्न नव्हतं. ज्यांनी सुलाबाईंना नावं ठेवली होती त्या सगळ्या सकाळीच रांगेत. मला म्हणाल तर त्यांना शरमेने आणलं होतं. एका बाईने चारचौघांत आपलं मत सांगून टाकल्यावर प्रत्येकीला आपलं आठवलं, आणि हळदीत नाचलेल्यांना जरा जास्तच. सुलाबाई एकट्याच आल्या. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाईने हातभर अंतर सोडलं. मत देऊन त्या बाहेर आल्या तेव्हा मालिनीताईंनी मोठ्याने विचारलं, "काय सुलाबाई, या वेळी कुठली? उभी का आडवी?"

सुलाबाईंनी पदर सावरला. "मत गुपित असतं, ताई."

सगळी रांग हसली. फाटकाशी उभ्या असलेल्या राखीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले.

आडवी बाटली जिंकली आणि महिन्याभरात दुकानाला सील लागलं. रवी पहिले काही दिवस पिंजऱ्यातल्यासारखा फिरला, मग एका भाजीच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर लागला. अगदी सुधारला असं म्हणणार नाही, मी मास्तरीण आहे, वाढीव गुण देत नाही. पण शनिवार सोडला तर शुद्धीत घरी येतो. राखी सासरी परतली. सासूशी बोलते ते कामापुरतं, मीठ कुठे, गॅस संपला, एवढंच.

आणि कारभारी? ते हायवे ओलांडू लागले. सुलाबाईंना ज्याची धास्ती होती, नेमकं तेच. संध्याकाळ झाली की त्या गाडी लवकर झाकतात आणि नवऱ्यामागून चालू लागतात. त्यांना पलीकडे पोचवायचं, मग अलीकडे येऊन कठड्याला टेकून उभं राहायचं, ते बाहेर आले की पुन्हा जाऊन आणायचं. एकदा मीही मागोमाग गेले. पुलावरून गाड्या उतरत होत्या, हेडलाइट त्यांच्या तोंडावरून सरकत होते. मी विचारलं, "सुलाबाई, आता तरी सांगा. तेव्हा विहारात बोललात कशाला? मत गुपित होतं."

"माझं गुपित, तसं राखीचंही गुपितच ना," त्या पलीकडच्या दारावरची नजर न काढता म्हणाल्या. "तिनं हजारदा सांगितलं असतं मी आडवीवर मारला, कुणी मानलं असतं? आमच्या घरात उभी कुणाची, हे लोकांना पाहिजे होतं. मी माझं उघड केल्याबिगर तिचं सुटणार नव्हतं."

एवढं साधं होतं ते. मी वर्षभर डोकं खाजवत होते. मग आलेच आहे तर म्हणून मी विचारलं, "आणि या वेळी? शिक्का कुठे मारलात?"

"गुपित हाय," त्या म्हणाल्या, आणि कारभारी दारात दिसले म्हणून निघाल्या. मी हात हलवत परत आले.

गेल्या आठवड्यात गिरणीच्या कोपऱ्यावर गाडी दिसली नाही. सुलाबाईंना सणकून ताप होता. संध्याकाळ झाली तशी मला कारभारींची काळजी लागली आणि मी लगबगीने हायवेकडे निघाले. कठड्याला टेकून राखी उभी होती. अंगावर मेडिकलचा निळा कोट तसाच, कामावरून थेट आलेली. पलीकडच्या दारात कारभारी आले. राखीने हात वर करून एक टेम्पो थांबवला, पलीकडे गेली आणि त्यांचं मनगट धरलं.

"सुला कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आत्यांना ताप आलाय. चला मामा, सावकाश."

अलीकडे आल्यावर तिला मी दिसले. माझं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, बाई. पण हे दुकान बंद करायला मीच घरोघर फिरले. मामांना इथं यावं लागतं ते माझ्यामुळं. अन् आत्यांमुळं."

"त्यांनी या वेळी आडवीवर मारला हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? उभीवर मारला असता तर रोज मला शिव्या घातल्या असत्या, बघ तुझ्यामुळं म्हाताऱ्याला हायवेवर जावं लागतं म्हणून. त्या एक शब्द बोलत नाहीत. गप इथं येऊन उभ्या राहतात."

तिने कारभारींच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला. तिला औषध घेऊन घरी जायचं होतं, ताप एकशे दोनच्या खाली उतरत नव्हता. मी कारभारींचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघं गल्लीपर्यंत चालत आलो. त्या संध्याकाळी मी आणखी काही विचारलं नाही.